फ्यूजशिवाय दिवा लावू नका: मराठवाड्यातल्या वायरिंगवाल्या बंधूंना खुले पत्र

मराठवाड्यातल्या माझ्या ऑटो इलेक्ट्रिशियन, गॅरेजवाल्या आणि ॲक्सेसरीजच्या दुकानदार बंधूंनो,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसस्टँडच्या मागं वायरिंगचं दुकान चालवतो. चोवीस वर्षं झाली. आधी ट्रॅक्टर-जीपचे डायनामो आणि सेल्फ भरायचो, आता बहुतेक मोटारसायकलीच येतात. दरवर्षी साखर कारखान्यांची धुराडी पेटली की दुकानात एकच मागणी सुरू होते : "दादा, पुढं दोन जादा लाइट टाकून द्या." तुमच्याकडंही हेच होत असणार. याच कामाबद्दल चार गोष्टी लिहायच्या आहेत, आणि त्या मी तुम्हालाच लिहितोय, कारण गिऱ्हाईक फक्त दिवा मागतं. वायर कुठून कुठं न्यायची हे आपण ठरवतो.

आधी एक सांगतो, जादा दिवा मागणारा माणूस शौकीनच असतो असं नाही. कॉलेजची पोरं सोडली तर माझ्याकडं येणारे निम्मे लोक गरजेपायी येतात. शेतीची लाइट रात्रपाळीला आली की शेतकरी दोन वाजता मोटार चालू करायला निघतो. दूधवाला चारला निघतो. कारखान्याचा कामगार पाळी संपवून मध्यरात्री घरी येतो. आणि या सगळ्यांच्या रस्त्यात ऊस असतो. तेलगाव-धारूरचा घाट घ्या, नाहीतर माजलगाव, केज, कळंब कुठलाही रस्ता घ्या, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वाढं मागं लोंबकळतंय, त्यात टेललाइट असला तरी झाकलेला. बैलांच्या टायरगाडीला तर दिवाच नसतो. टायर फुटला म्हणून रस्त्यातच उभी केलेली ट्रॉली, मागं चार दगड ठेवलेले. हेडलाइटचा उजेड तिच्यावर पडेपर्यंत ब्रेक मारायला जागा उरलेली नसते.

दिसण्यासाठी जसा उजेड लागतो तसा आपण दुसऱ्याला दिसावं म्हणूनही लागतो. मोटारसायकलीचा एकच दिवा समोरच्याला अंधारात किती लांब आहे, किती वेगानं येतोय, हे कळू देत नाही. ट्रॅक्टरचा एक दिवा गेलेला असला की तो मोटारसायकल वाटतो आणि माणूस त्याच्या अंगावर जातो, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, काहींनी पाहिलंय. हेडलाइटच्या खाली दोन बाजूंना दोन मंद दिवे असले तर समोरून त्रिकोण दिसतो, आणि जवळ येताना तो मोठा होत जातो. त्यावरून अंदाज बांधता येतो. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकी गाड्यांचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तोही गाडी दिसावी म्हणूनच. म्हणून या जादा दिव्यांच्या, म्हणजे रनिंग लाइटच्या, मी विरोधात नाही. आपण ते ज्या पद्धतीनं बसवतो, त्याच्या विरोधात आहे.

आणि हे मी माझ्याच चुकीवरून बोलतोय.

२०११ च्या डिसेंबरात धारूरकडचा एक दूधवाला माझ्याकडं आला. मागं दोन कॅन, पुढं अंधार. त्याला चांगला उजेड पाहिजे होता. मी त्याला ५५ वॅटचे दोन हॅलोजन बसवून दिले. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट वायर, हँडलवर एक बटण, बटणातून दिव्याला. फ्यूज नाही, रिले (बटणाच्या थोड्या करंटवर दिव्याचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. तेव्हा मी सगळ्यांना असंच करून देत होतो आणि एकाचीही तक्रार आली नव्हती. दोन दिवे मिळून ११० वॅट, १२ व्होल्टला भागलं तर ९ अँपिअरच्या वर. एवढा करंट मी हॉर्नच्या बटणासारख्या बटणातून आणि टेपरेकॉर्डरच्या वायरीएवढ्या वायरीतून पाठवला होता. हिशोब तेव्हाही येत होता, केला नाही एवढंच.

दीड महिन्यानं पहाटे घाटात त्याचे दिवे एकदम गेले आणि टाकीखालून धूर आला. हँडल फिरतं त्या ठिकाणी, फ्रेमच्या मानेपाशी, वायर रोज घासून घासून सोलली होती. तांबं फ्रेमला लागलं. मधे फ्यूज असता तर डोळ्याचं पातं लवायच्या आत तुटला असता. तो नव्हता, म्हणून अख्खी बॅटरी त्या एका वायरीत उतरली, वायर लाल झाली आणि शेजारच्या मेन वायरिंगचा गठ्ठाही तिनं वितळवला. वर पेट्रोलची टाकी. त्या माणसानं कॅनमधलं दूध ओतून ते विझवलं आणि चटके सोसत बॅटरीची वायर उपटली. गाडी ढकलत घाट उतरून दुपारी माझ्या दुकानात आला. भांडला नाही. वितळलेला वायरीचा तुकडा त्यानं काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "दादा, बघा बरं हे काय झालं."

तो तुकडा अजून माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. वीतभर आहे. एका टोकाला लाल इन्शुलेशन चांगलं आहे, मधे ते काळं होऊन मेणासारखं ओघळलंय, आणि त्यातून तांब्याच्या तारा बाहेर आल्यात, जळून काळ्या-निळ्या पडलेल्या. शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात मी आधी तो देतो, पक्कड नंतर.

तेव्हापासून मी जसं करतो ते सांगतो. यात नवीन काही नाही, तुमच्यातल्या कित्येकांना माझ्यापेक्षा जास्त येतं. पण येतं आणि केलं जातं यात फरक पडतो, विशेषतः बाजाराच्या दिवशी दुकानासमोर सहा गाड्या उभ्या असल्यावर.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभराच्या आत. दिव्याजवळ लावलेला फ्यूज बॅटरीपासून तिथपर्यंतच्या वायरीला वाचवत नाही, आणि घासते नेमकी तीच वायर. दहा-दहा वॅटचे दोन एलईडी असतील तर करंट पावणेदोन अँपिअरच्या आत असतो, त्याला पाचचा फिकट बदामी फ्यूज भरपूर झाला. फ्यूज सारखा उडतोय म्हणून वीसचा पिवळा ठोकणं किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणं म्हणजे वायरीलाच फ्यूज करणं. उडणारा फ्यूज काहीतरी सांगत असतो, ते शोधायला अर्धा तास लागला तर लागू द्या.

मग रिले. ३० नंबरच्या पायाला फ्यूजमधून आलेला पॉझिटिव्ह, ८७ वरून दिव्याकडं, ८६ ला बटणाची वायर, ८५ ला अर्थ. कॉइल ओढायला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही, त्यामुळं हँडलवरचं बटण तापत नाही आणि कंपनीच्या वायरिंगवर भारही पडत नाही. पाचपायी रिले मिळाला तर मधला ८७ए मोकळा सोडायचा, पण त्यावर स्लीव्ह चढवायची. दिवे बंद असताना त्या पायावर करंट असतो, हे बरेच जण विसरतात. रिलेचं तोंड खाली ठेवायचं, म्हणजे पाणी आत साठत नाही.

बटणाला करंट कुठून द्यायचा, इथं सगळ्यात जास्त चुका होतात. बॅटरीवरून थेट दिला तर चावी काढल्यावरही दिवे चालू राहतात. ३ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर दोन एलईडी रात्री विसरले तर दोन तासांच्या आत बॅटरी बसते, आणि सकाळी माणूस किक मारत आपल्याला शिव्या देतो. करंट चावीच्या पुढचाच घ्या. नव्या गाड्यांत पार्किंग लाइटची वायर सोयीची पडते. जुन्या गाड्यांत मात्र सांभाळून. कित्येक जुन्या गाड्यांचा हेडलाइट आणि टेललाइट मॅग्नेटच्या कॉइलवरून सरळ एसीवर चालतो. रेस वाढवली की उजेड वाढतो ती गाडी ही. त्या वायरीवर रिले लावला तर तो टरटरतो, आणि एलईडी लावले तर फडफडतात आणि चार दिवसांत जातात. मग आपण म्हणतो चायना माल खराब. माल खराब असेलही, पण आधी मल्टिमीटर एसीवर फिरवून बघा. अशा गाडीत हॉर्न किंवा ब्रेकलाइटच्या स्विचला येणारी वायर डीसी असते आणि चावीबरोबर बंद होते. तिथून घ्या.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना तर टेस्ट लॅम्पची सुई लावायचीच नाही. आत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर आहे, सेन्सरच्या बारीक वायरी आहेत. बल्बवाला टेस्टर त्या वायरीतून नको तेवढा करंट ओढतो. मल्टिमीटर वापरा, आणि मेन वायरिंग कापू नका. कपलरमधून जोडणारं तयार किट मिळतं का ते आधी बघा. कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटर वॉरंटी नाकारतं, आणि त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो.

जॉइंटबद्दल. पीळ मारून वर काळी टेप, हे आपलं सगळ्यांचं पहिलं शिक्षण. पण आपल्याकडं मे महिन्यात परभणीला पारा ४४ च्या घरात जातो, आणि टाकीखाली, सिलिंडरच्या वर, त्याहून कितीतरी जास्त तापतं. टेपचा डिंक पातळ होतो, टेप उलगडते, त्यात काळ्या मातीची धूळ बसते, पहिल्या पावसात ती ओली होते. सोल्डर करा, हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. मानेपाशी वायरीला झोळ ठेवा, वर जाळीची स्लीव्ह घाला, आणि गाडी देण्याआधी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवून बघा. वायर कुठंही ताणली नाही पाहिजे, कुठंही चिमटली नाही पाहिजे. माझ्या दूधवाल्याची गाडी मी तेव्हा एकदाही फिरवून बघितली नव्हती. अर्थसुद्धा रंगावर बोल्ट आवळून नको, बॅटरीच्या निगेटिव्हला वेगळी वायर न्या.

शेवटी व्होल्टेज. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. इंजिन चालू करून, रेस थोडी धरून, हेडलाइट, नवे दिवे आणि ब्रेकलाइट सगळं एकदम लावा. साडेतेराच्या पुढं राहिलं तर गाडी हा भार सहज सोसते. तेराच्या खाली आलं तर चार्जिंग पुरत नाही, आणि महिनाभरात बॅटरी बदलायला तोच माणूस परत येईल. तेव्हा त्याला कमी वॅटचे दिवे द्या. १०० सीसीच्या गाडीवर ११० वॅट चालत नाहीत, कितीही आग्रह केला तरी.

आता जे बोलायला मला सगळ्यात जड जातंय ते. इथवर जे लिहिलं ते आपल्या गिऱ्हाइकाच्या भल्याचं. समोरून येणाऱ्याचं काय?

नवरात्रात आणि कोजागिरीला तुळजापूरच्या वाटेनं रात्रभर माणसं पायी चालतात. ज्योत घेऊन पोरं अनवाणी धावतात. मी दोन वर्षांपूर्वी बायकोबरोबर गेलो होतो. येरमाळ्याच्या पुढं समोरून एक मोटारसायकल आली, पुढं एलईडीचा आडवा बार लावलेला. ती गाडी जाईपर्यंत आणि गेल्यावरही कितीतरी वेळ मला बायको दिसत नव्हती. ती हातभर अंतरावर होती. मी तिचं नाव घेऊन हाक मारली तर ती म्हणाली, "इथंच हाय मी, पण खाली काय हाय ते दिसंना." ती साइडपट्टीच्या कडेवर उभी होती, खाली दीड हाताचा खड्डा होता. तो बार कुणीतरी बसवून दिला होता. आपल्यातल्याच कुणीतरी.

हेडलाइटच्या रिफ्लेक्टरला आणि काचेला झोत खाली ठेवण्यासाठी घडवलेलं असतं, डिपरला झोताची वरची कड कापलेली असते. स्वस्तातल्या बारला ती कडच नसते, उजेड वर-खाली सगळीकडं फेकला जातो. त्यात तो निळसर पांढरा असला तर डोळ्याला आणखी खुपतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये स्पष्ट आहे, दिव्याचा झोत कायमचा खाली वळवलेला हवा, इतका की ८ मीटरवरच्या, जमिनीपासून दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला तो दिपवणार नाही. दीड मीटर म्हणजे रस्त्यानं चालणाऱ्या बाईमाणसाचा डोळा. त्याच नियमांत पुढच्या बाजूला लाल दिवा चालत नाही, आणि पुढं सर्चलाइट-स्पॉटलाइट लावायलाही मनाई आहे. लाल-निळ्या लुकलुकणाऱ्या पट्ट्या पोरं हौसेनं मागतात, त्या सरळ नाही म्हणा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत मनमानी बदल करायला बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीत त्याला कलम १८२अ जोडलं गेलं, मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पावती गिऱ्हाइकाच्या नावावर फाटते, आपल्या नाही. म्हणून कंपनीनंच त्या मॉडेलसाठी दिलेले दिवे मिळत असतील तर तेच सुचवा, आणि कायद्याचं आधी सांगा. दिवे बसवून झाल्यावर "पोलिसानं धरलं तर बघून घ्या" असं म्हणणं मला शोभत नाही, तुम्हालाही शोभणार नाही.

झोत कसा लावायचा? गाडी सपाट जागेवर भिंतीपासून पाच मीटरवर उभी करायची. दिवा जमिनीपासून जेवढ्या उंचीवर आहे तेवढ्यावर भिंतीवर खडूनं रेघ. उजेडाचा सगळ्यात प्रखर भाग त्या रेघेच्या निदान चार बोटं खाली पडला पाहिजे. पण रिकाम्या गाडीवर नाही, मालकाला गाडीवर बसवून. आणि तो रोज जे ओझं नेतो ते ओझं मागं ठेवून. मागं दोन भरलेले कॅन बांधले की मागचे शॉकअप दबतात, पुढचं तोंड वर होतं आणि खाली लावलेला दिवा झाडाच्या शेंड्यावर जातो. दूधवाला, भाजीवाला, गॅसच्या टाक्या नेणारा, यांना कामाचं ओझं घेऊनच बोलवा. क्लॅम्प पक्का आवळा, नाहीतर खड्ड्यांनी आठ दिवसांत झोत परत वर येतो. पंधरा दिवसांनी एकदा दाखवून जायला सांगा, फुकट बघा.

पैशाचं मला कळतं. रिले, फ्यूज होल्डर, चांगली वायर, स्लीव्ह धरून सामानच तीन-चारशेनं वाढतं आणि काम वीस मिनिटांऐवजी दीड तास चालतं. शेजारचा दोनशेत करून देतो. माझीही गिऱ्हाइकं गेली, नाही असं नाही. पण खिळ्यावरचा तुकडा दाखवला की बरेचसे थांबतात. एकानं आपल्यापैकी असं केलं तर तो महाग ठरतो. गावातल्या पाचही जणांनी फ्यूज-रिलेशिवाय दिवा लावणार नाही असं ठरवलं तर तोच भाव होतो. आमच्या बसस्टँडवर आम्ही चौघांनी ठरवलंय. बार लाइट तर आम्ही विकायलाच ठेवत नाही.

दुकानदार बंधूंना एक वेगळी विनंती. दिव्याच्या किटबरोबर रिले-फ्यूजची तयार वायरिंग ठेवा आणि दोन्ही एकदमच द्या. आणि हंगामात लाल रेडियमचे रोल आणून ठेवा. टायरगाडीच्या आणि ट्रॉलीच्या मागं हातभर पट्टी लागली तर जादा दिव्याची अर्धी गरज तिथंच संपते. मी गेल्या हंगामात दुकानापुढं थांबलेल्या प्रत्येक टायरगाडीला ती चिकटवली. ऊसतोडीला निघालेल्या माणसाकडून तिचे पैसे मागावेत असं वाटलं नाही.

माझ्या दुकानासमोर पंचायत समितीच्या कुंपणाची भिंत आहे. तिच्यावर चुन्यानं रेघ मारलेली आहे आणि पाच मीटरवर रस्त्यावर पिवळी खूण. कुणाला झोत लावताना बघायचं असेल, नाहीतर माझ्या पद्धतीतली चूक दाखवायची असेल, तर अंधार पडल्यावर, सातनंतर या. त्याआधी रेघेवर उजेड नीट दिसत नाही.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक वायरिंगवाला